स्कार्फ बांधलेला निन्जा

पडद्यावर निन्जा ओरडत होता. तोंड इतकं उघडलं होतं की पडजीभ दिसत होती. तलवारी खणखणत होत्या, नगारे वाजत होते, मागे एक अख्खा डोंगर फुटला, त्याचाही आवाज आला. आवाज नव्हता तो फक्त माणसांचा. निन्जा बोलेना, त्याचे गुरू बोलेनात, आणि खलनायक नुसते ओठ हलवून धमक्या देत होता.

शाळेचा हॉल पोरांनी गच्च भरला होता. सुरुवातीला त्यांना वाटलं, असंच असेल, जपानी लोकांचं काय सांगावं. मग हळूहळू कुजबुज सुरू झाली.

"सर," माझ्या शेजारी उभी असलेली तन्वी म्हणाली, "आपण हे मराठीत डब केलंय ना?"

"केलंय."

"मग ते कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर द्यायच्या आधी आम्ही सगळे तिथे का जमलो होतो ते सांगायला हवं.

माझा धंदा आवाजाचा. कर्वेनगरमध्ये एका बंगल्याच्या तळमजल्यावर माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये जाड काच. एका खोलीत माईक आणि बोलणारा माणूस, दुसऱ्या खोलीत मशीन आणि मी. सुरुवातीला भजनांच्या कॅसेटी केल्या, मग रेडिओच्या जाहिराती. पुढे उदारीकरण आलं, केबल आली, केबलवर जगभरची कार्टून आली, आणि त्या सगळ्यांना आपल्याकडच्या भाषा बोलायची हौस सुटली. मराठी सोडून. मराठी पोरांना हिंदी कळतं, मग वेगळी उठाठेव कशाला, असं मुंबईच्या कंपन्यांचं म्हणणं. ते ऐकून माझं डोकं फिरायचं. पण फिरलेल्या डोक्याला कोणी काम देत नाही, म्हणून मी गप्प बसायचो.

अशात मुंबईच्या एका कंपनीकडून हे काम आलं. निन्जा म्हणजे तोंड झाकून हेरगिरी आणि मारामारी करणारा जुन्या काळातला जपानी लढवय्या. त्यांच्यावरची एक कार्टून मालिका तिकडे वर्षानुवर्षं चालू होती. ज्या पोरांनी ती पहिल्यांदा पाहिली, त्यांची पोरं आता ती बघत होती. तिच्यावर एक मोठा सिनेमा निघाला होता. नायक रिकू नावाचा मुलगा, कायम भुकेला आणि सगळीकडे उशिरा पोचणारा. तन्वी त्या मुंबईच्या कंपनीत मार्केटिंगला. ती म्हणाली, हा एक सिनेमा मराठीत करा. पुण्यातल्या एखाद्या शाळेत दाखवू. पोरं शेवटपर्यंत बसली तर सगळी मालिका मराठीत करू आणि ती तुम्हालाच देऊ. नाही बसली तर हिंदी आहेच.

सगळी मालिका म्हणजे माझ्या म्हातारपणापर्यंतची सोय होती. शिवाय हिंदी आहेच म्हणणाऱ्यांची जिरवायची संधी. मला दोन्ही हवं होतं, आणि दुसरं जरा जास्तच हवं होतं.

प्रश्न होता रिकूच्या आवाजाचा. लहान मुलाचा आवाज लहान मुलाकडून घेता येत नाही. पोरगं अर्ध्या तासात कंटाळतं, आणि मालिका लांबली तर मध्येच त्याचा आवाज फुटतो. म्हणून जगभर ही कामं बायका करतात. माझ्याकडे अशी एक बाई होती. म्हणजे असावी असा मला संशय होता.

धायरीतल्या एका शाळेच्या पर्यवेक्षिका वानखडे बाई पूर्वी शाळेचं समूहगीत रेकॉर्ड करायला पोरांना घेऊन आल्या होत्या. मूळच्या अकोल्याच्या, गणित शिकवणाऱ्या, आणि बघताक्षणी आपली नखं वाढली आहेत का ते तपासावंसं वाटेल अशा. त्या दिवशी काचेपलीकडून मला एका मुलाचा भांडणारा आवाज ऐकू आला. मान वर करून पाहिलं तर पोरं केव्हाच बसमध्ये जाऊन बसली होती. खोलीत एकट्या बाई. एका मुलाने काय सबब सांगितली, ते दुसऱ्या शिक्षिकेला फोनवर त्याच्याच आवाजात ऐकवत होत्या.

मी त्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला हे करायला फार आवडेल," त्या म्हणाल्या. हे मला अपेक्षित नव्हतं. "पण माझं नाव कुठेही येता कामा नये. माझ्या शाळेत कळलं तर संपलंच. अहो, मी नुसती जिन्यात उभी राहिले तरी सगळा मजला गप्प होतो. ते कमवायला मला पंचवीस वर्षं लागली. उद्या पोरं म्हणतील, ही बघा, माकडासारखी ओरडणारी बाई. मग कोण ऐकणार माझं?"

मी शब्द दिला.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी स्टुडिओच्या दारात एक स्कूटर थांबू लागली. पुण्यात दुचाकीवरच्या बायका उन्हापासून वाचायला तोंडाला स्कार्फ बांधतात हे काही नवीन नाही. पण बाईंचा स्कार्फ म्हणजे बंदोबस्त होता. डोळ्यांपुरती एक फट, अंगात पांढरा सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे. शेजारच्या जोशीकाकांनी मला विचारलं, "कोण हो त्या?" मी म्हटलं, "निन्जा." ते म्हणाले, "सरळ सांगायचं नसेल तर राहू द्या."

डबिंगमध्ये कागद समोर ठेवून वाचायची पद्धत आहे. पडद्यावरच्या पात्राचे ओठ हलतात, तेवढ्या वेळात कागदावरचं वाक्य बसवायचं. याला लिपसिंक म्हणतात. मी कागद पुढे केला तर बाईंनी तो बाजूला सारला. सगळं पाठ करून आल्या होत्या. नुसतं रिकूचं नाही, अख्ख्या सिनेमातलं प्रत्येकाचं.

"इतरांचं कशाला पाठ केलंत?"

"पाठ नसेल तर वर्गात उभं राहायचं नाही, असं मी पोरांना सांगते. मग मी कागद घेऊन उभी राहू?"

त्यांना शंका फार. अशा सिनेमांत लढवय्ये आधी डावाचं नाव मोठ्याने पुकारतात आणि मग डाव टाकतात. रिकूचा डाव होता 'वावटळ लाथ'. बाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं.

"शत्रूला आधी नाव सांगून मग मारायचं? तो बाजूला नाही का होणार?"

"होत नाही."

"का?"

"बाई, तसं केलं तर सिनेमा दहा मिनिटांत संपेल."

"बरं. मी आपली शंका विचारली."

शेवटी राहिले एफर्ट्स. एफर्ट्स म्हणजे शब्द नसलेले आवाज. उडी मारतानाचा हुंकार, लाथ खाल्ल्यावरचं कण्हणं, धापा, किंकाळ्या. घसा बसतो म्हणून ते नेहमी शेवटी घेतात. बाई म्हणाल्या, माझ्याकडे बघायचं नाही. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो आणि भिंतीकडे बघतच सगळा सिनेमा पुरा केला. हेडफोनमध्ये एक दहा वर्षांचा मुलगा जिवाच्या आकांताने लढत होता.

एवढं सगळं झाल्यावर तन्वीचा फोन आला. शाळा ठरली होती. कंपनीने त्यांच्या यादीतून परस्पर निवडली होती, धायरीची. म्हणजे वानखडे बाईंचीच. शाळा बदलायला सांगावी तर कारण काय देणार? मुख्याध्यापकांनी उत्साहाने होकार कळवला होता, आणि स्वतः त्या दिवशी मीटिंगला जाणार असल्याने सगळी जबाबदारी पर्यवेक्षिकांवर सोपवली होती.

मी गेलो तेव्हा बाई हॉलच्या दारात उभ्या होत्या.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

"देवधर. साउंडचा."

"बरं. चपला बाहेर काढा."

आमची ओळखच नव्हती.

आता तन्वीच्या प्रश्नाचं उत्तर. सिनेमाचा आवाज सगळा एका जागेवरून येत नाही. संगीत आणि हाणामारी डाव्या-उजव्या बाजूने येते. बोलणं मात्र मधल्या स्पीकरमधून येतं, कारण बोलणारा माणूस पडद्यावर मध्ये असतो. या मधल्या वाटेला सेंटर चॅनल म्हणतात. शाळेने सांगितलेले साउंडवाले दत्तूभाऊ. एरवी गणपतीच्या मिरवणुका आणि लग्नाच्या वराती करणारे. त्यांनी पडद्याच्या दोन बाजूंना कपाटाएवढे स्पीकर रचले होते. मध्ये काहीच नव्हतं. दोन स्पीकरवर चालेल अशी साधी कॉपी माझ्या खिशात होती, पण ती लावायला परवानगी नव्हती. चोरून कॉपी निघू नये म्हणून कंपनीने सिनेमा एका सीलबंद डब्यात पाठवला होता. त्याचं सेटिंग बदलायला पासवर्ड लागत होता, थांबवून परत सुरू करायलासुद्धा. आणि पासवर्ड ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ मुंबईत मीटिंगमध्ये होते.

"दत्तूभाऊ, आवाज येत नाहीये."

"येतोय की सायेब. भिंती हादरत्यात."

"माणसांचा येत नाहीये."

त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं. "मग त्यास्नी जरा मोठ्यानं बोलाया पायजे हुतं."

तन्वी फोनवर फोन लावत होती. माझं लक्ष पोरांवर होतं. आमच्या धंद्यात लहान मुलांचा सिनेमा कसा चाललाय हे ओळखायची एक खूण आहे. शाळेत लघवीला जायला विचारताना करंगळी वर करतात. सिनेमा पकड घेत असेल तर पोरं कळ काढतात. पकड सुटली की करंगळ्या उगवतात. आधी एक उगवली. मग तिच्या मागे दोन. बघता बघता हॉलमध्ये करंगळ्यांचं शेत झालं. तन्वीनेही ते पाहिलं आणि फोन खाली घेतला.

"सर, मला रिपोर्टमध्ये हेच लिहावं लागेल."

हिंदी आहेच म्हणणारे मला डोळ्यांसमोर दिसायला लागले. मी बाईंकडे पाहिलं. त्या कडेच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि माझ्याकडेच बघत होत्या. मी काही बोललो नाही, खुणावलंही नाही, शब्द दिला होता. पण तोंडावर दिसलं असणार. बाईंनी पर्स उचलली आणि बाजूच्या दाराने निघून गेल्या. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. मग रागाची लाज वाटली, कारण त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

पडद्यावर रिकू डोंगराच्या कड्यावर उभा होता. समोर काळ्या झग्यातला खलनायक. रिकूने तोंड उघडलं.

"ए टकल्या, थांब! अजून माझं जेवण व्हायचंय!"

सगळा हॉल दचकला. मीही. आवाज दत्तूभाऊंच्या दोन्ही स्पीकरमधून घुमत होता आणि रिकूच्या ओठांवर तंतोतंत बसत होता. रंगमंचाच्या कडेला, पडद्याजवळ, दत्तूभाऊंचा माईक हातात धरून कोणीतरी उभं होतं. पांढरा सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, स्कार्फ, डोळ्यांपुरती फट.

"निन्जा!" पहिल्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं. दुसरा काही अंदाज बांधायला जागाच नव्हती.

मग बाई सुटल्या. रिकू झाल्या, रिकूचे खोकणारे गुरुजी झाल्या, त्याची मैत्रीण झाल्या, एक बोलका बेडूक होता तोही झाल्या. प्रत्येकाचं वाक्य प्रत्येकाच्या ओठांवर. आमच्या खलनायकाला स्टुडिओत मी एका नाटकवाल्याचा भारदस्त आवाज दिला होता. बाईंनी त्याला वेगळाच दिला. किंचित नाकातून, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कळलं का?" पोरं आधी गोंधळली, मग एकमेकांकडे बघायला लागली आणि मग हॉल फुटला. मला नंतर कळलं की तो हुबेहूब मुख्याध्यापकांचा आवाज होता. निन्जा आपल्याच शाळेतला आहे, एवढं पोरांना तिथे समजलं.

करंगळ्या खाली गेल्या होत्या. तन्वी फोन विसरली होती. रिकूने "वावटळ लाथ!" म्हणून आरोळी ठोकली आणि मागच्या रांगेतून एक सणसणीत शिट्टी आली.

इथे सवयीने घात केला. बाईंनी माईक तसाच तोंडाशी ठेवला आणि स्वतःच्या आवाजात गर्जना केली.

"ए सातवी ब! काहून शिट्टी वाजवता रे? हाताची घडी, तोंडावर बोट!"

क्षणात सगळा हॉल शांत झाला. प्रत्येक पोराच्या हाताची घडी, तोंडावर बोट. माझ्याही. तन्वीच्याही. दत्तूभाऊंनी तर डोळेसुद्धा मिटून घेतले होते. धायरीत अकोल्याचं 'काहून' म्हणणारी बाई एकच होती आणि ती कोण हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पडद्यावर खलनायक किंकाळीविना लाथ खाऊन किंकाळीविना दरीत कोसळत होता.

बाई तशाच उभ्या होत्या. स्कार्फमधून फक्त डोळे दिसत होते, पण ते मला पुरेसे होते. पंचवीस वर्षांची कमाई त्यांनी माझ्या सिनेमापायी घालवली होती. पुढे होऊन माईक घ्यावा असं वाटलं, पण घेऊन बोलणार काय होतो?

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बारक्या मुलीने तोंडावरचं बोट काढलं आणि हात वर केला. करंगळी नव्हे, पूर्ण हात.

"बाई, पुढचं बोला ना. तो पडतोय."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग स्कार्फ सोडला, घडी करून पर्समध्ये ठेवला, घाम पुसला.

"उकडतंय मेलं," त्या म्हणाल्या, आणि माईक उचलून दरीत कोसळणाऱ्या माणसाची अशी किंकाळी फोडली की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले.

सिनेमा अर्ध्याच्या जरा पुढे गेला तेव्हा मुंबईचे गृहस्थ मीटिंगमधून सुटले आणि पासवर्ड आला. मी धावत जाऊन सेटिंग बदललं. बोलणं डाव्या-उजव्या स्पीकरकडे वळवलं. आमचं खरं डबिंग सुरू झालं, कित्येक शनिवार खपून, एकेक श्वास जागेवर बसवून केलेलं. मी अभिमानाने मागे वळलो.

"हे बंद करा!" पोरं ओरडली. "बाई पाहिजेत!"

"अरे, यातही बाईच आहेत," मी म्हणालो.

"यात मुख्याध्यापक नाहीत!"

मी तन्वीकडे पाहिलं. ती म्हणाली, "सर, बंद करा." आयुष्यात पहिल्यांदा मी नीट चालणारा आवाज मुद्दाम बंद केला. बाईंनी तोवर पाणी पिऊन घेतलं होतं.

तन्वीच्या रिपोर्टमध्ये काय होतं मला माहीत नाही. मालिका मराठीत करायचं ठरलं, काम मला मिळालं, एका अटीवर. रिकूचा आवाज त्याच बाईंचा हवा. मी भीत भीत फोन केला. त्यांनीही एक अट घातली. नाव द्यायचं, पूर्ण द्यायचं आणि पुढे पर्यवेक्षिका असंही लिहायचं. त्या शनिवारी स्कूटर दारात थांबली तेव्हा तोंडावर स्कार्फ नव्हता. जोशीकाका म्हणाले, "अहो, ही तर साधी बाई निघाली." ते मी बाईंना सांगितलेलं नाही.

शाळेचे आभार मानायला म्हणून मी महिनाभराने धायरीला गेलो. मुख्याध्यापकांनी चहा पाजला. सिनेमा फार चांगला झाल्याचं ऐकलं म्हणाले, विशेषतः खलनायक. मी चहात लक्ष घातलं. बाहेर पडलो तर बाई जिन्यात उभ्या होत्या. वरच्या मजल्यावरून पोरांचा लोंढा धडधडत खाली येत होता.

"पळू नका!" बाई म्हणाल्या. लोंढा थोडा हळू झाला आणि पुन्हा धावायला लागला. म्हणजे व्हायचं तेच झालं होतं.

बाईंनी मला थांबायची खूण केली. मग घसा साफ केला आणि रिकूच्या आवाजात हाक दिली, "वावटळ लाथ!"

लोंढा जागेवर थिजला. मग एका मागे एक रांग लागली, रांगेतल्या प्रत्येकाने खाली उतरताना बाईंना वाकून जपानी नमस्कार केला आणि मुंगीच्या पावलांनी सगळे मैदानावर गेले.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षं मी चुकीच्या आवाजात ओरडत होते."

तेव्हापासून मी एक नियम केलाय. कुठल्याही हॉलमध्ये गेलो की आधी मधला स्पीकर आहे का ते बघतो. नसेल, तर शाळेत गणित कोण शिकवतं ते विचारून ठेवतो.